शिळा उखाणा

“शिळा!” हौसाबाई म्हणाली, आणि तिनं मापावरचा हात काही काढला नाही.

उंबऱ्यावर ज्वारीनं भरलेलं माप. त्याच्या पलीकडे सासू, अलीकडे मेडशीहून बैलांच्या दमणीत बसून आलेली नवी नवरी पंचफुला. उखाणा पसंत पडल्याशिवाय माप लवंडायचं नाही, आणि माप लवंडल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. रीत सगळीकडेच आहे, पण बाकीच्या सासवा हसून सोडून देतात. हौसाबाई सोडणाऱ्यांतली नव्हती. केनवड गावात कोणत्या सुनेनं कोणत्या दारात काय म्हटलं, ते सगळं तिच्या डोक्यात पक्कं. ऐकलेला उखाणा तिला चालायचा नाही. यमक जरी कानावरून गेलेलं असलं तरी तो शिळा. सख्ख्या भाच्याच्या बायकोला तिनं दिवेलागणीपर्यंत गोठ्यात बसवून ठेवलं होतं म्हणे. लग्न ठरलेल्या पोरी आधी तिच्यापुढं उखाणा म्हणून पाहायच्या, तिनं “बरा हाय” म्हटलं की खुशाल सासरी जायच्या.

“म्हन दुसरा,” हौसाबाई म्हणाली.

पंचफुलेनं घसा साफ केला. माहेर मळेवाल्यांचं, तेव्हा तिच्या जिभेवर दुसरं काय येणार?

“मिरचीच्या वाफ्याले पाटाचं पानी, दौलतरावाचं नाव घेते, मी त्यायची रानी.”

“मेडशीच्या पोरी समद्या रान्याच होऊन येतात वं बाई! शिळा.”

बाया फिदीफिदी हसल्या. पंचफुलेच्या कपाळावरची हळद घामानं डोळ्यांत उतरली. पाठ केलेले उखाणे संपत आले होते. निघताना आई कानाशी लागून म्हणाली होती, “उंबऱ्यावर हारली तं जलमभर हारशीन, पंचफुले.” आणि मग आणखी हळू, “त्या घरी पहिलीचं नाव चुकूनही काढू नोको.”

पहिली म्हणजे दौलतरावाची आधीची बायको, कस्तुराबाई. मानमोडीच्या तापात गेली. तेव्हापासून त्या घरात तिचं नाव कोणी घेत नव्हतं. कोणाच्या तोंडून निघालंच, तर हौसाबाई हातातलं काम टाकून उठून जायची.

“वांग्याच्या झाडाले जांभळं फूल, दौलतरावाच्या घरात टाकते पाऊल.”

“इंझोरीच्या सुनेनं कपाशीचं आनलं होतं, तू वांग्याचं आनलं. फूल-पाऊल तेच. शिळा!”

आता बाया हसेनाशा झाल्या. कोणी पदरानं वारा घेऊ लागली, कोणी उन्हाकडे पाहू लागली. बैल माना हलवत होते. उपरण्याची गाठ बांधलेला दौलतराव एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होता. शेवटी त्याच्यानं राहवलं नाही.

“माय, पुरे ना आता. काहून अडवून राह्यली तिले?”

“तू चूप बस,” हौसाबाई म्हणाली. “तुले काय, तुले घरात कोनीबी आलेलं चालते.”

दौलतरावानं मान खाली घातली. पंचफुलेला ते बोलणं चटकन लागलं. म्हणजे हिला मी नकोच आहे! मग उखाणा कसाही असो, ही शिळाच म्हणणार. तिला रडू आलं, रागही आला. घटकाभर वाटलं, गाठ सोडावी आणि दमणीत जाऊन बसावं. पण परत गेलेल्या पोरीला मेडशीत कोण विचारतं? असं काय म्हणावं, जे या दारात कोणीच म्हटलं नसेल? ती वेड्यासारखी इकडेतिकडे पाहू लागली.

तेव्हा तिला ती भिंत दिसली.

लग्नासाठी सगळं घर पांढऱ्या मातीनं पोतारलं होतं. फक्त दाराच्या आत, हाताशी येईल एवढी जागा जुनीच राहिली होती. तिथं कुंकवाचे दोन पंजे होते, फिके पडलेले. नवरी पहिल्यांदा घरात येताना उमटवते, ते हात. विसरून सोडली म्हणावं, तर पंजांच्या कडेकडेनं माती कशी जपून फिरवली होती, बोटा-बोटांमधून! पंचफुलेनं मापावरच्या हाताकडे पाहिलं. हौसाबाईच्या नखांत पांढरी माती अजून तशीच होती.

तिला आईचं बोलणं आठवलं. तरी तिनं तोंड उघडलं.

“भितीवरल्या हातानं सांभाळलं हे घर, कस्तुराबाईचं नाव घेते, हात ठेव डोक्यावर.”

 दौलतरावानं डोळे मिटले.

“अवं, नवऱ्याचं घ्यायचं असते नाव!” शेजारची तुळसाबाई घाबरून म्हणाली. मग तिचंच तिला काय वाटलं कोण जाणे, ती हौसाबाईकडे वळली. “पन बाई, खरं सांगू? असा उखाना या दारात कोनी म्हनला नाही. आता तं याले नवा म्हन.”

सगळ्यांचे डोळे हौसाबाईवर. आता ही उठून जाणार, हे पंचफुलेला पक्कं ठाऊक होतं. हौसाबाईची बोटं मापातल्या ज्वारीत रुतली होती. ज्वारीचे दाणे उंबऱ्यावर सांडत होते.

“शिळाच हाय,” हौसाबाई म्हणाली.

पंचफुलेनं खालचा ओठ दातांत धरला. हौसाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि मापावरचा हात उचलला.

“हे नाव मी रोज घेते वं, मनातल्या मनात. मोठ्यानं घेनारं कोनी नव्हतं. ये माय, घरात ये.”