पिल्लाच्या मापाचं घर

"अरे, मांजराचं पिल्लू कधी आतून कडी लावतं का?" आईने विचारलं.

बाथरूमच्या दारापाशी उकिडवा बसलेला मुलगा मान वर न करता म्हणाला, "चुकून लागली तर? आत अडकून पडेल बिचारं." आणि त्याने आतली कडी स्क्रूसकट काढून खिशात टाकली. मुलगा सुतार होता. लोकांच्या घरी कड्या बसवायचा आणि आज स्वतःच्या घरी काढत सुटला होता.

सकाळपासून हेच चाललं होतं. पुढच्या रविवारी पिल्लू येणार म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. खिडकीला जाळी ठोकली. औषधं कुलपाच्या पेटीत गेली. शेगडीची बटणं काढून डब्यात ठेवली, का तर पिल्लू ओट्यावर उडी मारतं आणि बटणावर पाय पडतो. गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकला, का तर त्यात नखं अडकतात. पिल्लाजवळ दिवसभर कुणीतरी हवं म्हणून कारखान्यातलं कामाचं बाकडंसुद्धा त्याने कालच मागच्या व्हरांड्यात आणून टाकलं होतं. आई त्याच्या मागे मागे या खोलीतून त्या खोलीत जात होती. तिला एका जागी बसवतच नव्हतं. आधीच हल्ली वस्तू सापडत नव्हत्या, त्यात ही भर.

हल्ली म्हणजे दोनेक महिन्यांपासून. एकदा दूध तापत ठेवून ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि भांड्याचा कोळसा झाला. एकदा ती शिवणाचं दुकान उघडायला म्हणून निघाली. दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली होती. शेजारणीने हात धरून परत आणलं. आईच्या मते यात एवढं काही नव्हतं. पण गेल्या आठवड्यात मुलीचा फोन आला, तेव्हा तो स्पीकरवर होता.

"दादा, त्या वृद्धाश्रमात सोय चांगली आहे. तू दिवसभर कामावर, ती घरात एकटी. कसं ठेवणार तिला?"

मुलगा फोन घेऊन तडक बाहेर गेला. त्याने काय उत्तर दिलं ते आईला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तो पिल्लाची बातमी घेऊन आला. मग उरलं काय कळायचं? आई जाणार, घर खायला उठणार, म्हणून मांजर. अजून उंबरा न ओलांडलेल्या त्या जिवाचा तिला मनापासून राग आला होता.

"रंग कसा आहे रे त्याचा?" तिने विचारलं.

"पिवळा." तो आता पुढच्या दाराकडे वळला होता.

सोमवारी तो काळा म्हणाल्यासारखं आईला वाटत होतं. पण स्वतःच्या वाटण्यावर तिचा हल्ली भरवसा राहिला नव्हता. बोलून दाखवलं असतं, तर त्याने काळजीने बघितलं असतं, आणि तसं बघितलेलं तिला सोसत नव्हतं.

मुलाने हत्यारांच्या पेटीवर उभं राहून दाराला वरच्या अंगाला नवी कडी बसवली, खालची काढली आणि तो हात धुवायला गेला. आई दारापाशी आली. तिने सहज हात वर केला. पोचला नाही. टाचा उचलल्या. चार बोटं कमीच पडली.

ती तिथेच थबकली. चाळीस वर्षं तिने गल्लीचे कपडे शिवले होते. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत तिच्या डोळ्यांनी त्याचं माप घेतलेलं असायचं. कोट कुणासाठी बेतलाय, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. तिने वळून घराकडे बघितलं. सोफ्याखाली वीतभर फट होती. फ्रिजमागे वायर लोंबत होती. तिच्या टोपलीत दोऱ्याची रिळं उघडीच होती. पिल्लाच्या उंचीवर या माणसाने गालिच्याखेरीज कशालाच हात लावला नव्हता, आणि गालिच्यात पाय तिचाच अडकायचा.

माप तिचं होतं.

आधी तिच्या कानशिलांत रक्त चढलं. मला कोंडतोय? मला? मग तिला व्हरांड्यातलं ते बाकडं आठवलं, आणि ती हळूच खुर्चीत टेकली. ज्याला पाठवून द्यायचं, त्याच्या मापाचं घर कुणी बेतत नाही. सकाळपासून पहिल्यांदा ती बसली होती.

मुलगा हात पुसत आला. "झालं बघ सगळं."

"झालं कुठे? सोफ्याखालची फट कोण बुजवणार? ती वायर? आणि दोऱ्याची रिळं उचल आधी. पिल्लू दोरा गिळतं, एवढंही ठाऊक नाही?"

मुलाचे कान लाल झाले. शाळेत असताना थाप मारली की व्हायचे, तसेच. "आई," तो म्हणाला, "ते पिल्लू..."

"येणार आहे," आई म्हणाली. "एवढं घर केलंस, आता आणावंच लागेल. उद्या शेजारीण विचारेल, दाराला इतक्या वर कडी कशाला? मी कुणाचं नाव सांगू?"

तो खाली बसला, तिच्या पायाशी. मग बाहीने तोंड पुसत त्याने विचारलं, "कोणतं आणू?"

"काळं," आई म्हणाली. "सोमवारी तू काळंच म्हणाला होतास. माझ्या लक्षात आहे."