आप्पांच्या नावावरचे क्लिक

"अकरालाच संपलं?" थोरल्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बायकोच्या हातातून फोन ओढून घेतला.

संपलंच होतं. शिलाई मशीन दुरुस्तीची त्यांची जाहिरात सकाळी नवाला इंटरनेटवर लागायची. कुणी तिच्यावर बोट दाबलं की एका क्लिकचे पैसे वजा. दिवसाचं बजेट संपलं की जाहिरात गडप, ती थेट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. आणि शिंप्यांची मशीनं बिघडायची दुपारी. शाळेच्या गणवेशांचे दिवस होते. मशीन तापून अडलं की शिंपी फोन काढून शोधायचा, तेव्हा त्याला यांचं सोडून बाकी सगळ्यांची दुकानं दिसायची. महिनाअखेरपर्यंत फोन वाढले नाहीत तर दुकान सोडायचं, हे नवराबायकोचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे बायकोने ठरवलं होतं आणि तो गप्प बसला होता.

जाहिरातीचे शब्द तिनेच निवडले होते, भाजी निवडावी तसे. नुसतं 'शिलाई मशीन' ठेवलं तर नवीन घेणारे येतात, शिकवणी शोधणारे येतात. म्हणून 'नवीन' आणि 'क्लास' हे शब्द तिने वगळून टाकले. 'मशीन दुरुस्ती', 'धागा तुटतो', 'टाका सुटतो' हे ठेवले. अडलेला माणूस हेच लिहिणार. शेवटचा शब्द नवऱ्याच्या हट्टाखातर घातला होता, 'आप्पा मशीनवाले'. आप्पा म्हणजे त्याचे वडील. चाळीस वर्षं सगळा भाग त्यांना याच नावाने ओळखायचा. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"हे बघा. 'धागा तुटतो', दोन क्लिक, एक फोन. आणि आप्पांच्या नावावर बारा क्लिक, फोन एकही नाही. रोज हेच चाललंय," ती म्हणाली. "आप्पांना शोधत आलेला माणूस फोन करणार नाही का? हे नुसते येतात आणि जातात. काढून टाकते तो शब्द."

"थांब." तो उठला, पुन्हा बसला. बॉबिनचा खण उघडला आणि काही न घेता बंद केला. "हे त्याचंच काम."

"भावजींचं? अहो, त्यांना साधा फोटो पाठवता येत नाही."

"वैर माणसाला सगळं शिकवतं. दाबून दाबून आपली जाहिरात संपवायची, म्हणजे दुपारचं गिऱ्हाईक आयतं त्याच्या दारात. शब्द राहू दे. उद्या नवाला जातो आणि रंगेहाथ धरतो त्याला."

आप्पा गेल्यावर महिन्याभरातच थोरला म्हणाला होता, एका दुकानावर दोन संसार चालत नाहीत. धाकट्या भावाने तडक हत्यारांची पेटी उचलली आणि मागच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेतली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. चूक कुणाची, याचा निकाल थोरल्याने कधीच लावून टाकला होता. मधूनमधून शंका यायची, तेव्हा तो नव्याने लावायचा.

सकाळी तो चहा अर्धा टाकून निघाला. वाटेत वाक्यं जुळवत होता. पहिलं जरा सभ्य होतं, दुसरं कमी. वळणापर्यंत पोचेतो नुसत्या शिव्या उरल्या होत्या.

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. त्याने दार ढकलायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. आत आप्पा बोलत होते.

"आधी तेल, मग ताकद. घाई नाही करायची."

तेलाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर आप्पा दिसत होते, उघडलेल्या मशीनवर वाकलेले. लोकांचा विश्वास बसावा म्हणून बायकोने जाहिरातीच्या पानावर चढवलेला तो दोन मिनिटांचा व्हिडिओ. थोरल्यानेच काढलेला. तेव्हा धाकटा आप्पांच्या शेजारी होता, पण त्याचा नुसता हात आला होता.

"गुंड्या, पेचकस दे रे," पडद्यावरचे आप्पा म्हणाले.

धाकटा मान खाली घालून एक शटल पुसत होता. ती हाक ऐकून तो स्वतःशीच हसला. व्हिडिओ संपला. त्याने पान बंद केलं, बोटाने एकेक अक्षर शोधत आप्पांचं नाव लिहिलं आणि सगळ्यात वर आलेली ओळ दाबली.

"म्हणजे तूच!" थोरला म्हणाला. आवाज हवा तसा चढला नाही.

धाकटा दचकून उभा राहिला. "दादा? तू? ये ना. अरे, आप्पांचं नाव लिहिलं की हे वरच येतं बघ. सकाळी कामाला बसलो की लावतो. अकरानंतर दिसत नाही, काय होतं कोण जाणे. मग उद्याची वाट बघतो."

"आमची जाहिरात आहे ती. तू दाबलंस की दर वेळी माझे पैसे जातात. म्हणून अकराला बंद पडते. माझं दुकान बसायची वेळ आलीय, कळतंय का तुला?"

धाकट्याचा चेहरा उतरला. खरंच ठाऊक नव्हतं त्याला, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. त्याने हात फडक्याला पुसले आणि फोन पालथा घातला. आप्पा अर्ध्या वाक्यात होते, त्यांचा आवाज टेबलाखालून आल्यासारखा येत राहिला.

"शपथ, मला वाटलं हे फुकट असतं. नाही दाबणार. आजपासून नाही."

त्याने पुसून झालेलं शटल पुन्हा पुसायला घेतलं. मग धाकटा मान वर न करता म्हणाला,

"पण मग दिवसातून एकदा तू तरी मला गुंड्या म्हण."