मुदतीचं कारण

"कारण सांगा," व्यंकटराव वकील हळू आवाजात म्हणाले. "मुन्सफसाहेब विचारतायत, जवाबदावा मुदतीत का दाखल झाला नाही?"

चतुराबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. नवरा वारल्यावर तिच्या दिरानं, भुजंगानं, तिच्यावर दावा लावला होता. भावाभावांत वाटणी झालीच नव्हती, म्हणून बोरी गावातलं घरचं सगळं रान आपलं, असं त्याचं म्हणणं. तिनं जवाब द्यायची तारीख उलटून गेली होती. आज मुदत वाढवून मिळाली नाही, तर निकाल एकतर्फी लागणार होता. मुदत द्यायची की नाही, हे मुन्सफांच्या मर्जीवर होतं.

"बाळंत झाले व्हते," ती खाली बघत म्हणाली. "लेकरू मेलेलंच निघालं. मला उठवत नव्हतं."

कचेरीचं कामकाज उर्दूत चाले, म्हणून वकिलांनी ते उर्दूत सांगितलं. भुजंगाचे वकील उठले आणि किंचित हसत काहीतरी बोलले. बाकांवरची माणसं तिच्या पोटाकडं बघायला लागली.

"काय म्हणले ते?"

व्यंकटरावांनी आवाज आणखी खाली आणला. "म्हणतात, बाई गरोदर नव्हतीच. मुदतीसाठी रचलेली गोष्ट आहे."

चतुराबाईनं कठड्याला घट्ट धरलं. भुजंग पलीकडच्या बाकावर बसला होता. तो छताकडं बघत होता.

मुन्सफांनी आणखी काही विचारलं. व्यंकटरावांनी मराठीत सांगितलं, "स्वतःला येता येत नव्हतं, तर घरातल्या कुण्या माणसाला का नाही पाठवलं?"

"घरात बाप्या माणूस एकच," ती म्हणाली. "ते काय, तिथं बसलेत. खड्डा बी त्यांनीच खांदला. इचारा त्यांला."

मुन्सफांनी भुजंगाला उभं केलं. शपथ घ्यायला लावली. मग मोडक्या मराठीत स्वतःच विचारलं, "खड्डा तू खणला?"

भुजंगानं आपल्या वकिलाकडं पाहिलं. वकील कागद चाळत होते.

"खांदला, सरकार."

"कशासाठी?"

"बायकांनी फडक्यात गुंडाळून काहीतरी हातात दिलं. म्या ते उघडून बघितलं न्हाई."

मघाशी तिच्याकडं टक लावून बघणाऱ्यांनी माना फिरवल्या. तोंडात काही कडू आल्यासारखा मुन्सफांचा चेहरा झाला. त्यांनी लेखणी उचलली, दोन ओळी लिहिल्या आणि मान वर न करता पुढचा दावा पुकारायला सांगितलं.

"मुदत दिली," व्यंकटराव म्हणाले. "चला, जवाब लिहून घेऊ."

त्यांच्या बिऱ्हाडी जवाब लिहून झाला. चतुराबाईनं अंगठा दिला. वकिलांनी पाणी पुढं केलं तर तिनं ते घेतलं नाही. तोंडात काही घालावं असं तिला वाटत नव्हतं.

ती रस्त्याला लागली तेव्हा मागून भुजंगाची गाडी आली.

"वैनी, बसा गाडीत. अशा अंगानं किती चालायलाय?"

ती चालत राहिली.

"भेटली न्हवं मुदत? मग झालं की. वकिलानं पढवलं तसं बोलावं लागतं. कचेरीतलं घरी कशाला न्यायचं?"

चतुराबाई थांबली. पहिल्यांदाच तिनं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"माती लोटताना तुमी रडले व्हते, भावजी. ते कुणी पढवलं व्हतं?"

बैल तिच्या ओळखीचे होते. तिच्यापाशी येऊन ते आपसूक उभे राहिले, आणि एकानं तिच्या हाताकडं तोंड नेलं.

भुजंगानं त्याला पराणी टोचली.