मंगळवारच्या बाईसाहेब

आजी कपाटाआड शिरली आणि बाहेर यायला तयार होईना. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, कंबरेत सळई घातलेली, पण त्या अरुंद फटीत अंग चोरून उभी राहिली. डर्व्हला, तिची नात, एक पाऊल पुढे आली की ती किंचाळायची. मागे सरली की नुसती टक लावून बघायची. शेवटी वृद्धाश्रमातली नर्स जिन्सी धावत आली आणि तिनं डर्व्हलाला दंडाला धरून खोलीबाहेर काढलं.

हा लागोपाठ तिसरा मंगळवार. आजीच्या छातीचं दुखणं जुनं होतं, धसका बसेल असं काही होऊ देऊ नका म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. जिन्सीनं सांगून टाकलं, आणखी एकदा असं झालं तर वर कळवावं लागेल आणि भेटी बंद होतील.  डर्व्हला आईविना वाढलेली पोर. आजीनंच तिला लहानाची मोठी केली होती.

नडत होते ते तिचे कपडे. डर्व्हला नोकरीला पोस्टात, पण अंगावर कपडे १९५९ सालचे. तेही सणासुदीला नव्हे, रोज. कोपऱ्यावरून दूध आणायला जातानासुद्धा. फिकट तपकिरी लोकरी कोट, पिनेनं अडकवलेली टोपी, पांढरे हातमोजे, पोटरीवर सरळ शिवण असलेले पायमोजे. जुन्या काळात रमणाऱ्या या हौशी लोकांचा हट्ट असतो, की काही म्हणजे काही चुकता कामा नये, बटणसुद्धा त्याच काळातलं हवं. गावातली पोरं तिला 'महाराणी' म्हणायची, ती मान उडवून पुढे जायची. आजीला विस्मरणाचा आजार जडला तेव्हा तिला वाटलं, आपल्याला बघून म्हातारीला स्वतःची विशी आठवेल, बिचारी खुलेल. म्हणून मंगळवारी ती जास्तच नटायची.

साध्या कपड्यांत या, जिन्सी म्हणाली. साधे कपडे माझ्याकडे नाहीतच, डर्व्हला म्हणाली. जिन्सी मूळची कोट्टायमची, इथं आयर्लंडात, रॉसकॉमनमध्ये तिची वीस वर्षं गेली होती, पण असला नमुना तिनं पाहिला नव्हता. कपाळाला हात लावून तिनं पुढच्या मंगळवारी आपली राखाडी ट्रॅकपँट आणि ढगळ स्वेटर काढून दिला. लिपस्टिकही पुसायला लावली.

या वेळी आजी घाबरली नाही. तिनं ओळखलंही नाही. हाताला धरून जवळ बसवून घेतलं आणि हळूच विचारलं, "नवीन आलीस? कितवा महिना?"

डर्व्हला नुसती मान हलवत राहिली. आजी तिच्या कानाशी लागली. इथल्या ननांना उलटून बोलू नकोस. धुलाईच्या खोलीत वाफेनं चक्कर येते, पोटात काहीतरी घालून जात जा. मग दाराकडे बघून तिनं आवाज आणखी खाली आणला. तिचा फिनबार सात महिन्यांचा झाला होता. दोन दात आले होते. आणि एक मूलबाळ नसलेली बाई मोटारीतून येऊन त्याला बघून गेली होती.

"तपकिरी कोट, पांढरे हातमोजे," आजी म्हणाली. "ती आली की त्याला घेऊन जाणार. तू दार धरून ठेवशील ना?"

 लग्नाआधी दिवस गेलेल्या पोरींना नन जिथं ठेवत आणि त्यांची बाळं परक्यांना देत, त्या घरांबद्दल आमच्याकडे सगळ्यांनी ऐकलंय. बोलत कुणी नाही. डर्व्हलानं बाहेर येऊन वडिलांना फोन केला. तुमच्या आधी आजीला मूल झालं होतं का?  ते म्हणाले, आमच्या घरात थोरला मी आहे, आणि त्यांनी फोन ठेवला.

आता कायम ट्रॅकपँट घालून जाणं, ही सोपी वाट होती. जिन्सीचंही तेच म्हणणं पडलं. पुढचे दोन मंगळवार डर्व्हला तशीच गेली. पण कोट दिसला नाही म्हणून आजीची भीती गेली नाही. बाहेर कुणाच्या टाचा वाजल्या की ती धडपडत उठायची आणि दाराला पाठ लावून उभी राहायची. घास तोंडात फिरायचा, वजन उतरत चाललं होतं. ती बाई येणार हे आजीला पक्कं ठाऊक होतं. तिला परत पाठवणं ट्रॅकपँट घातलेल्या पोरीला जमणारं नव्हतं.

त्यापुढच्या मंगळवारी डर्व्हलानं कोट घातला. टोपी, हातमोजे, सगळं. जिन्सी म्हणाली, तुमच्यापायी माझी नोकरी जाणार. मग म्हणाली, पाच मिनिटं देते, मी दाराबाहेरच थांबते.  म्हातारीचा जीव आज आपल्याच हातून जायचा, हे डर्व्हलाच्या डोक्यातून हटेना.

आजी या वेळी किंचाळली नाही. तेवढा श्वासच तिच्यात उरला नव्हता. दोन्ही हात पसरून ती पलंगापुढे उभी राहिली.

डर्व्हला उंबऱ्यातच थांबली. 

"डेलिया," तिनं आयुष्यात पहिल्यांदाच आजीला नावानं हाक मारली. "मी बाळाला न्यायला आले नाही. फिनबार तुझा आहे, तुझ्यापाशीच राहील. मी पुन्हा येणार नाही, एवढंच सांगायला आले."

आजीचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. धापा टाकत ती पलंगाच्या कडेला बसली. तिनं समोरच्या बाईच्या पांढऱ्या हातमोज्यांकडे बघितलं. मग तिचे डोळे भरून आले.

"बाईसाहेब," ती म्हणाली, "मग तुम्ही रिकाम्या हातानंच घरी जाणार?"