बोट वर झालं की थांबायचं

“अजून एक दे,” बाबा म्हणाले.

मुलीने हात लांब करून त्यांच्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये आकडा एकाने वाढवला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. बंद कारखान्यामागचा हा रस्ता सरळसोट होता. रविवारी सकाळी तिथे कुत्रंही फिरकत नसे. बाबांच्या दोन्ही कानांवर गच्च वाट्या बसवलेल्या होत्या. वाट्यांची रबरी नळी डॅशबोर्डखालून पुढे जाऊन इंजिनावर आवळलेल्या तांब्याच्या नळीला जोडली होती. डॉक्टर छातीला लावतात तसलंच प्रकरण, फक्त पेशंट लोखंडाचा.

ही दोन सीटची स्पोर्ट्स कार बाबांनी भंगारातून ओढत आणली तेव्हा आईने कपाळावर हात मारून घेतला होता. पण वर्कशॉप बंद झाल्यापासून भिंतीकडे बघत बसणारा माणूस त्या दिवसापासून पुन्हा वेळेवर आंघोळ करू लागला. मग तिनेही तोंड मिटलं. इंजिनात जोराने हवा कोंबणारा सुपरचार्जर बाबांनी मागच्या खोलीत स्वतःच्या लेथवर कातला. पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे ठरवणारा कॉम्प्युटर मुलीने जेवणाच्या टेबलावर सोल्डरचे डाग देऊन उभा केला. घरात जेवणं ओट्यावर होऊ लागली, पण बापलेक बोलायला लागले.

आता उरलं होतं ते ठिणगीचं काम. लॅपटॉपमधला आकडा वाढवला की ठिणगी थोडी आधी पडते आणि ताकद वाढते. फारच आधी पाडली तर इंजिन आतल्या आत ठोके देऊ लागतं, आणि त्या ठोक्यांनी पिस्टन फुटतो. सुरुवातीला ते इतके बारीक असतात की भल्याभल्यांना कळत नाहीत. बाबांनी ते ऐकायचे, बोट वर करायचं, मुलीने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, असं ठरलं होतं. असलं इंजिन आता कुठे बनत नाही. गेलं तर गेलंच, आणि त्याच्याबरोबर बाबा पुन्हा त्या भिंतीसमोर जाऊन बसणार, ही तिची खरी धास्ती होती.

ठोके ओळखणारा सेन्सर बाजारात मिळतो. तिने तो आणलाही होता. बाबांनी तो तळहातावर घेऊन उलटासुलटा करून पाहिला. “म्हणजे मी नुसता शोभेला बसायचं,” ते म्हणाले आणि ताटावरून उठले. तिने सेन्सर खणात टाकला. सगळी गल्ली त्यांना कानसेन म्हणायची. रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा कुठला व्हॉल्व्ह सैल आहे, ते घरात बसून सांगायचे. शेजाऱ्यांच्या मिक्सरचं बेअरिंग जाणार, हे शेजाऱ्यांच्या आधी त्यांना कळायचं. अशा माणसाला तांब्याची नळी पुरेशी आहे, असं तिने स्वतःला समजावलं.

तिने पाय दाबला. सुपरचार्जर शीळ घालू लागला, पाठ सीटला चिकटली, आणि ती हसली. बाबाही हसले. ते रस्त्याकडे बघत नव्हते, तिच्याकडेच बघत होते. पोरीचं कौतुक वाटत असेल, असं तिला वाटलं आणि तिने पाय आणखी दाबला.

तेव्हा तो आवाज आला. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा, बारीक, कोरडा.

तिने बाबांच्या हाताकडे पाहिलं. बोट लॅपटॉपच्या कडेवर निवांत पडलं होतं. पाय काढावा? पण बोट वर नसताना पाय काढणं म्हणजे कानसेनच्या कानावर अविश्वास दाखवणं. सेन्सरच्या दिवशीचं अर्धं टाकलेलं ताट तिला आठवलं. भास असेल, शेजारी कोण बसलंय बघ, तू कोण मोठी शहाणी लागून गेलीस, असं तिने स्वतःला दटावलं. आणि बाबांना शंका यायला नको म्हणून चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवलं.

धाडकन आवाज झाला. बॉनेटच्या फटींतून निळा धूर उसळला. गाडी घरंगळत जाऊन कडेला थांबली.

बॉनेट उचललं तेव्हा काही विचारायची गरजच उरली नव्हती. इंजिनाच्या कुशीला भगदाड पडलं होतं आणि त्यातून तेल रस्त्यावर गळत होतं. एवढ्या दिवसांचं सगळं तिथे गळत होतं. तिला रडू आवरेना. बाबा येऊन शेजारी उभे राहिले. तिने इंजिनावरून नजर न काढता विचारलं, “बाबा, तुम्हाला ऐकू नाही आलं?”

ते गप्प. तिने पुन्हा विचारलं. तरी गप्प. तिने वळून पाहिलं, तर कानांवरच्या वाट्या त्यांनी कधीच्या काढून हातात धरल्या होत्या.

“इकडे तोंड करून बोल, बाळा,” ते म्हणाले. “बरेच महिने झाले. बारीक आवाज गेलेत माझे. नळीतून नुसती घरघर येते. तू सेन्सर आणलास तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही.”

तिने ओठ सावकाश हलवत विचारलं, “मग ‘अजून एक दे’ कशाच्या भरवशावर म्हणत होतात?”

बाबांनी तिच्या गालावरचं पाणी अंगठ्याने पुसलं.

“तुझ्या चेहऱ्याकडे बघत होतो. तुला ऐकू आलं असतं, तर तू घाबरली असतीस ना.”