सूर संपला की गिटार खाली

"मागे कुत्रं लागलंय का गं?" मी माझे कोंगो, म्हणजे ते उभे ढोल, बडवता बडवता ओरडलो. वसईच्या त्या लग्नात आमच्या ब्रेंडाला पहिल्यांदाच लीड गिटार मिळाली होती. गाणं लॅटिन रॉकचं, कंबर हलवणारं. पण ही पोरगी सुरांचा नुसता चिवडा सांडत होती. पाहुणे खुर्च्यांना चिकटलेले.

बँडचा मालक सायमन तिच्याजवळ आला. "ही ओळ संपली की गिटार खाली ठेव. पुढचं कीबोर्डवर घेऊ."

तिचे डोळे भरले. मी म्हणालो, "मग ओळ संपवूच नकोस! दहा सुरांचं काम एकाला सांग. स्पीकरला खेटून उभी राहा, तार आपोआप गात राहील."

"सूर मध्येच विझला तर, काका?"

"तर माझे कोंगो आहेत की!"

तिनं वरचा सूर धरला, तार बोटानं हळूच ओढली, आणि देवाशपथ सांगतो, तो सूर आधी हुंदका देऊन रडला, मग खुदकन हसला, मग मंडपभर नाचत सुटला. नवरीची आजी काठी फेकून उठली! केक कापला, वाटला, पंगती उठल्या, मांडववाल्यानं खुर्च्या नेल्या; सूर आपला चालूच. सायमन गिटार घ्यायला हात पुढे करून तसाच उभा.

त्याच जोडप्याच्या लेकाच्या बाप्तिस्म्यालाही आम्हीच वाजवलं. वेगळं बोलावणं लागलंच नाही, कारण आम्ही अजून तिथेच होतो. सायमनचा हातही अजून पुढेच होता. फक्त आता तो ताल धरत होता.