कादंबरीतली बाई

पुण्याच्या मावसभावानं दिलेल्या कॅसेटमध्ये घोगऱ्या, थकल्या आवाजातली, ग्रंज नावाच्या इंग्रजी रॉकची गाणी होती. भुजंगला तसंच एक गाणं मराठीत करायचं होतं, कादंबरीवरून. सेलूच्या वाचनालयातून त्यानं नवीकोरी जाडजूड कादंबरी आणली, पण कापसाच्या जिनिंगमधली कारकुनी आणि गिटार यातून वाचायला सवड कुठली. तो बायकोला म्हणाला, "पार्वती, तू वाच अन् मला सांगत जा."

रोज संध्याकाळी भाकरी थापता थापता ती सांगायची. एक बाई असते. ती थकून झोपते अन् थकूनच उठते. जेवलीस का, असं तिला घरात कुणी इचारत न्हाई.

"लय जबरदस्त लिहिलंय," म्हणत भुजंग तेवढंच गिटारवर ओरडून गायचा. गाणं होत आलं. शेवट तेवढा राहिला.

"पुढं काय होतं त्या बाईचं?"

"तिथवर आले न्हाई अजून," पार्वतीनं भाकरी उलटली.

पुस्तक परत करायचा दिवस आला. शेवट आपणच बघावा म्हणून भुजंगनं वाटेत कादंबरी उघडली. छापखान्यातून आली तशी पानं कडेला जोडलेलीच होती, कापल्याशिवाय वाचता येणार नाहीत अशी. अख्ख्या पुस्तकात एकही पान कापलेलं नव्हतं.

तो तसाच माघारी आला. पार्वती भांडी घासत होती.

"जेवलीस का?"

तिनं त्याच्या हातातल्या पुस्तकाकडं पाहिलं.

"असं त्या कादंबरीत कुठंच न्हाई," ती म्हणाली, आणि पुढचं भांडं ओढलं.